रत्नागिरीत मुक्काम, रोज एक दिशा: नवख्यांसाठी एका दिवसाच्या सहलींचा आराखडा

रत्नागिरीत पहिल्यांदा येणारे पाहुणे बहुधा मोबाइलमध्ये यादी घेऊनच उतरतात. गणपतीपुळे, जयगड, पावस, कशेळी, मार्लेश्वर, राजापूर. हाताशी दोन दिवस, आणि नकाशावर सगळी गावं बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर. मी आधी त्यांना चहा देते, मग ती यादी मागून घेते आणि निम्मी नावं खोडते. सुरुवातीला चेहरे पडतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र ते दमून न जाता परततात, आणि पाहिलेल्या गोष्टींबद्दल बोलत बसतात.

नावं का खोडायची, ते आधी समजून घ्या. पुढचं सगळं नियोजन त्यावर उभं आहे.

आधी खाड्या मोजा, मग किलोमीटर

कोकणच्या किनाऱ्यावरचं अंतर किलोमीटरमध्ये कळत नाही. सह्याद्रीवरून उतरलेली प्रत्येक नदी समुद्राला मिळताना खाडी करते, आणि रस्त्याला ती खाडी एक तर पुलावरून ओलांडावी लागते, नाही तर वळसा घालून. रत्नागिरीच्या दक्षिणेला भाट्याची खाडी, म्हणजे काजळी नदी. त्यापुढे पूर्णगडला मुचकुंदी, आणखी खाली जैतापूरची खाडी. उत्तरेला साखरतरची खाडी, पुढे काळबादेवी, आरे-वारे, नेवरे, आणि जयगडला शास्त्री नदीचं मोठं मुख. मधला रस्ता सतत चढतो, सड्यावर म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर येतो, पुन्हा वळणावळणाने खाली गावात उतरतो. सागरी रस्त्यावर तासाला तीस किलोमीटर धरा. चाळीस धरलेत तर दुपारच्या जेवणालाच हिशोब चुकायला लागतो.

म्हणून रत्नागिरीतून निघायच्या दिशा तीनच: उत्तर, दक्षिण आणि पूर्व. एका दिवसाला एकच दिशा घ्या. एकदा घरच्यांच्या आग्रहाला बळी पडून मी सकाळी पावस आणि दुपारनंतर जयगड असा बेत आखला होता. परतून शहर ओलांडण्यातच दुपार गेली, वळणांनी धाकट्या भाच्याला दोनदा उलटी झाली, आणि जयगडचा बुरूज आम्ही मोबाइलच्या उजेडात पाहिला. समोर काळोख होता, नुसता लाटांचा आवाज. त्या दिवसापासून दोन दिशा एका दिवसात घातल्या नाहीत.

मग पंचांग उघडा

घरात कालनिर्णय असेल तर भरतीचं वेगळं वेळापत्रक शोधायची गरज नाही. किनाऱ्यावरचे लोक वापरतात तो हिशोब सोपा आहे: तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा, येईल ती भरतीची साधारण वेळ. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती बाराच्या सुमारास. तिथून रोज ती पाऊण तासाने पुढे सरकते. शुद्ध असो वा वद्य, मोजणी सारखीच. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच, पण दिवसाची आखणी करायला पुरतो. पाण्याशी थेट संबंध येणार असेल तर त्याच सकाळी गावात कुणाला तरी विचारून घ्या.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप वर येतं आणि तितकंच लांब मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, चढ-उतार थोडा. लहान मुलांना घेऊन पुळणीवर खेळायचं असेल तर भांगाचे दिवस बरे. शिंपले, खडकांतली डबकी, त्यातले खेकडे दाखवायचे असतील तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी गाठा.

पंचांगातून दुसरीही एक गोष्ट कळते: गर्दी. संकष्टीला, त्यातून अंगारकीला, गणपतीपुळ्याला जाऊ नका. दर्शनासाठीच जायचं असेल तर गोष्ट वेगळी, मग पहाटे निघा आणि तो दिवस फक्त तेवढ्यासाठी ठेवा. भाद्रपदातल्या गणपतीत आणि शिमग्यात कोकणातली घरं आपल्या माणसांनी भरलेली असतात. गाड्या भरून येतात, घरगुती जेवणाची सोय करणारे स्वतःच सणात असतात. त्या दिवसांत कुणाच्या घरचं बोलावणं असेल तर जरूर या, नुसतं फिरायला नको.

ऋतूचं थोडक्यात सांगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम. एप्रिल-मे आंब्यासाठी, पण सकाळी अकरा ते चार सावली सोडू नका. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ताज्या माशांच्या आशेने येऊ नका. समुद्रात पाय घालायचाही विचार तेव्हा नको. धबधबे आणि हिरवे सडे पाहायचे असतील तर सप्टेंबर. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, तिकीट काढताना तेही बघा.

गाडी कोणती

स्वतःची चारचाकी असेल तर टाकी शहरातच भरून निघा. सागरी रस्त्यावर पंप विरळ आहेत. दोघंच असाल तर रिक्षाही परवडते. दिवसभराचं ठरवताना थांबण्याचे पैसे धरून किती ते आधीच बोलून घ्या.

एसटीने फिरणाऱ्यांना मी मनापासून सांगेन की ही सहल एसटीने फार छान होते, फक्त एक शब्द लक्षात ठेवा: वस्तीची गाडी. संध्याकाळी गावात जाणारी बरीचशी शेवटची गाडी रात्री तिथेच मुक्काम करते आणि पहाटे परत निघते. नवखा माणूस पाच-साडेपाचची गाडी बघून खूश होतो, गावात उतरतो, आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची असते. म्हणून चढतानाच कंडक्टरला विचारा, "दादा, ही वस्तीची का? परतीची शेवटची कितीला?" उतरल्यावर थांब्याजवळच्या दुकानदारालाही तेच विचारा. दोघांची वेळ जुळली तरच निर्धास्त व्हा. ग्रामीण गाड्या रहाटाघर स्थानकावरून सुटतात, लांब पल्ल्याच्या मुख्य स्थानकावरून. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. आजीचं आधार कार्ड बरोबर घ्या.

रेल्वेने जवळची गावं करू पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. स्टेशनच्या नावात 'रोड' असेल तर गाव तिथे नाही. राजापूर रोडला उतरून राजापूर गाठायला पुन्हा बरीच वाट आहे.

उत्तरेचा दिवस: आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड, जयगड

गणपतीपुळ्याला दोन रस्ते. महामार्गाने निवळीवरून गेलात तर अंतर जवळजवळ दुप्पट पडतं. आरे-वारेवरून सागरी रस्त्याने साधारण पंचवीस किलोमीटर. जाताना सागरीच घ्या, आणि सकाळी सातला घर सोडा. सात का, तर आपला समुद्र पश्चिमेला आहे. सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि सरळ पाण्यावर पडतं. आरे-वारेच्या चढावर थांबून खाली पाहिलंत की पाण्याचे पट्टे वेगवेगळे दिसतात: काठाला फेस, मग हिरवट, मग गडद निळं, आणि दोन्ही पुळणींच्या मागे सुरूच्या बनाची काळी रेघ. हीच जागा दुपारी तीननंतर डोळ्यांवर तिरीप आणते आणि फोटोत नुसता पांढरा चकाकता पत्रा येतो. परतताना सूर्यास्ताला पुन्हा थांबा, पण मुख्य पाहणं सकाळचंच.

गणपतीपुळ्याला आधी दर्शन. देव पश्चिमाभिमुख, स्वयंभू, आणि मागची टेकडी हेच त्याचं रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा पूर्ण टेकडीला घालायची. वाट साधारण किलोमीटरभर, फरसबंदी, बरीचशी झाडांतून. उन्हं चढली की पाय पोळतात, तेव्हा नऊच्या आत आटोपलेली बरी. दुपारी मंदिरात खिचडीचा प्रसाद असतो, तो चुकवू नका.

समुद्राबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. गणपतीपुळ्याचा किनारा दिसायला सौम्य आहे, पण पाण्याखाली वाळू एकदम खचते आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. इथे माणसं बुडतात, बहुतेक बाहेरगावची, बहुतेक पोहता येणारी. गुडघ्याच्या वर पाणी येऊ देऊ नका. ओहोटी लागलेली असताना तर नाहीच. जीवरक्षक शिट्टी वाजवत असेल तर बाहेर या, त्याच्याशी वाद घालू नका.

तिथून दीड-दोन किलोमीटरवर मालगुंड. मराठी कवितेला नवं वळण देणारे केशवसुत इथे १८६६ मध्ये जन्मले. त्यांचं घर जपलेलं आहे आणि शेजारी कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेलं स्मारक. शाळेत "एक तुतारी द्या मज आणुनि" म्हटलेल्या कुणालाही त्या ओसरीवर दहा मिनिटं बसावंसं वाटेल. बसा. पर्यटकांच्या गाड्या इथे क्वचित थांबतात, त्यामुळे जागा शांत असते.

दुपारचं जेवण आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवायचं. घरगुती खानावळीत माणसं मोजूनच भात शिजतो, दोननंतर गेलात की भांडी घासायला पडलेली असतात. 'किती माणसं, शाकाहारी किती' एवढं सांगितलं की पुरतं.

जेवून जयगड, वीस किलोमीटरच्या आसपास. किल्ला शास्त्री नदीच्या मुखावर. खंदक, बुरूज आणि खाली खाडीतली बोटींची ये-जा. इथूनच समोर तवसाळला फेरीबोट जाते, तिला इकडे जंगलजेटी म्हणतात, गाड्याही चढतात. पलीकडे हेदवीची बामणघळ: खडकातली अरुंद चीर, भरतीचं पाणी आत घुसून उंच उसळतं. ओहोटीत तिथे नुसता खडक दिसतो. म्हणून हेदवी करायची असेल तर पौर्णिमा-अमावास्येपासून चतुर्थी-पंचमीपर्यंतचा दिवस निवडा, तेव्हा भरती दुपारी बारा ते चारच्या मध्ये येते. त्या दिवशी मालगुंड आणि जयगड सोडून द्या, दर्शन उरकून थेट जेटी गाठा. परतीची शेवटची फेरी किती वाजता, हे अलीकडच्या धक्क्यावर विचारूनच चढा. फेरी चुकली तर खाडीला वळसा घालून यायचं म्हणजे रात्र होते. घळीजवळ ओल्या, शेवाळलेल्या खडकावर उभं राहू नका.

दक्षिणेचा दिवस: पावस, पूर्णगड, कशेळी

मला स्वतःला हा दिवस सगळ्यांत आवडतो, आणि एकच दिवस असेल तर मी हाच सुचवते. भाट्याचा पूल ओलांडला की शहर मागे पडतं. वीसेक किलोमीटरवर पावस, स्वामी स्वरूपानंदांचं गाव. १९०३ ते १९७४ हा त्यांचा काळ. ज्ञानेश्वरी त्यांनी अभंगांत आणली. समाधी मंदिरात बोलणं आपोआप हळू होतं. मुलांना आधी सांगून ठेवा.

पुढे पूर्णगड. वाट गावातल्या घरांमधून, अंगणांच्या कडेने चढते, त्यामुळे गाडी खालीच लावा आणि कुणाच्या दारात उभी करू नका. किल्ला लहान, वीस मिनिटांत फिरून होतो, पण तटावरून मुचकुंदी समुद्राला मिळताना दिसते. गोड्या पाण्याचा गढूळ पट्टा आणि खारं निळं पाणी यांची सीमा ओहोटीच्या वेळी स्पष्ट कळते. पूल ओलांडला की गावखडी, लांबलचक पुळण आणि सुरूचं बन. इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि गावकरी घरटी राखतात. हिवाळ्याच्या शेवटी किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला आलात तर पिल्लं सोडणार आहेत का, विचारा.

मग आडिवऱ्याची महाकाली आणि कशेळीचा कनकादित्य. सूर्याची मंदिरं आपल्याकडे फार थोडी, त्यातलं हे एक. देवस्थानाकडे शिलाहार राजा दुसरा भोज याचा ताम्रपट आहे, शके १११३ चा, म्हणजे इसवी सन ११९१. कौलारू छपराखाली, लाकडी खांबांच्या सभामंडपात उभं राहून एवढा जुना काळ डोळ्यांसमोर आणायला थोडा वेळ लागतो.

कशेळीच्याच सड्यावर या दिवसाची खरी भेट आहे: कातळशिल्प. जांभ्या दगडाच्या सपाट सड्यावर कोरलेला हत्ती, जवळजवळ अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्यांची दाटी. कोकणातली ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीबरोबर उक्षी, जांभरुण, बारसू, देवीहसोळ, रुंढेतळी, देवाचे गोठणे ही गावंही त्यात आहेत. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी वर्षानुवर्षं सडे तुडवून ती शोधली आणि नोंदवली.

शिल्प पाहायची एक वेळ असते, आणि ती चुकली तर माणूस "इथे काय आहे?" म्हणत परत जातो. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर असतो, कोरीव रेघेत सावली पडत नाही, सगळा कातळ सारखाच तपकिरी दिसतो. साडेचारनंतर ऊन तिरकं झालं की रेघेच्या एका काठाला सावली धरते. आधी एक सोंडेसारखी वळलेली रेघ दिसते, मग पाय, मग पाठ, आणि एकदम पूर्ण हत्ती समोर येतो. सकाळी आठच्या आत गेलात तरी असंच. म्हणून दक्षिणेच्या दिवसात कशेळी शेवटी ठेवायची.

शिल्पावर पाय देऊ नका. रेघा नीट दिसाव्यात म्हणून खडू फिरवू नका, काठीने माती उकरू नका. जांभा मऊ असतो, हजारो वर्षं टिकलेली कड एका बुटाने तुटते. वाट गावातल्या माणसाला विचारून, शक्य तर त्याला बरोबर घेऊन जा आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. सड्यावर झाड नाही, पाणी नाही. माणशी लिटरभर पाणी आणि टोपी हवीच. सप्टेंबर-ऑक्टोबरात शिल्पांत पाणी आणि भोवती गवत असतं, तेव्हा आकृती कमी कळते पण सडा रानफुलांनी भरलेला असतो.

एवढं दूर यायला वेळ नसेल तर उक्षीचा हत्ती जवळ आहे. तिथे गावाने संरक्षण आणि पाहण्यासाठी सोय केली आहे, उंचावरून पूर्ण आकृती एका नजरेत येते. लहान मुलांना आधी तो दाखवावा, मग बाकीच्या आकृत्या त्यांना आपोआप दिसू लागतात.

पूर्वेचा दिवस

हातखंब्याहून सह्याद्रीच्या पायथ्याकडे. यात दोनच ठिकाणं धरा: मार्लेश्वर आणि कसबा संगमेश्वर. मार्लेश्वरला चारशे-पाचशे पायऱ्या चढून गुहेतलं शिवलिंग. गुहा अंधारी आणि दार ठेंगणं, डोकं सांभाळा. समोर धारेश्वरचा धबधबा, तो पाहायला पावसाळ्याचा उत्तरार्ध योग्य. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी खाली बाजारात थांबावं, ओढून नेऊ नये. संक्रांतीला इथे देवाच्या लग्नाची यात्रा भरते, तेव्हा गाडी फार लांब लावावी लागते.

उतरल्यावर देवरुखला जेवण, मग कसब्याचं कर्णेश्वर मंदिर. दगडातलं बारीक कोरीवकाम संथपणे पाहायचं. याच कसब्यात १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराज पकडले गेले. वेळ उरला तर तुरळ-राजवाडीचे गरम पाण्याचे झरे.

राजापूर स्वतंत्र दिवस मागतं: धूतपापेश्वर, उन्हाळे गावातला गरम पाण्याचा झरा, आणि नशिबात असेल तर गंगा, म्हणजे मधूनच वाहू लागणारा झरा. ती साधारण तीन वर्षांनी प्रकटते, पण तिचा नेम नाही. गंगा आल्याची बातमी असेल तरच तिच्यासाठी जा, एरवी चौदा कुंडं कोरडीच पाहावी लागतात.

पिशवीत काय

सुटे पैसे. सड्यावर आणि खाडीकाठी नेटवर्क जातं आणि मोबाइलवरून पैसे भरता येत नाहीत. देवळात सहज काढता येतील अशा चपला, सड्यासाठी बूट. वळणांचा त्रास होणाऱ्यांसाठी आवळासुपारी किंवा आल्याची वडी, आणि त्यांना पुढच्या सीटवर जागा. आमसुलं, आगळ, आंबापोळी घ्यायची तर शेवटच्या दिवशी घ्या, दिवसभर तापलेल्या गाडीत ठेवू नका. आपला कचरा परत शहरात आणा, सड्यावर तो उचलणारं कुणी नाही.

अंधार पडायच्या आत निम्मा परतीचा रस्ता संपलेला असावा. सागरी रस्त्यावर दिवे नाहीत आणि गुरं रस्त्यावरच बसलेली असतात.

दिवसांचा क्रम ठरवताना दक्षिण पहिली, उत्तर दुसरी, पूर्व तिसरी घ्या. तीन दिवस नसतील तर पूर्व सोडा. शहरासाठी परतीच्या गाडीआधीची अर्धी दुपार पुरेशी होते: टिळकांचं जन्मघर, सावरकरांच्या स्थानबद्धतेच्या काळात १९३१ मध्ये उभं राहिलेलं पतितपावन मंदिर, आणि ब्रह्मदेशच्या थिबा राजासाठी १९१० च्या सुमारास बांधलेला राजवाडा. राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेव्हा तुमची गाडी सोमवारची असेल तर तेवढं रविवारी उरकून घ्या.